जन्मस्थानाच्या रकान्यातलं गाव

माझं नाव आमच्या घरच्या यादीतून कटलं तेव्हा मी ठणठणीत होते. त्यामुळे त्या दिवशी मला फारसं वाईट वाटलं नाही, हे आधीच कबूल करते.

ज्यांना मध्य प्रदेशातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे प्रत्येक कुटुंबाला एक समग्र नंबर असतो. रेशन, सरकारी इलाजाचं कार्ड, बायांना दर महिन्याला मिळणारी मदत, सगळं त्या नंबरावर चालतं. आमच्या नंबरावर तीन नावं होती. माझे यजमान देवानंद, ज्यांना मी मुलगी झाल्यापासून ‘प्रज्ञाचे बाबा’ म्हणते. दुसरी मी, कमला. तिसरी आमची प्रज्ञा, कॉलेजात शिकणारी. बालाघाटात प्रज्ञाच्या बाबांचं मोटार बांधायचं दुकान आहे. शेतावरचे जळालेले पंप त्यांच्याकडे येतात, ते आतली तार काढून नवी गुंडाळून देतात. मी घरी ब्लाउज शिवते.

फेरतपासणी निघाली तेव्हा मी माझा शाळेचा दाखला नेऊन दिला. दाखला तुमसरचा, मराठी शाळेचा. टेबलामागे बिसेन मॅडम होत्या. त्यांनी दाखला वाचता वाचता जन्मस्थानाच्या रकान्यावर पेन टेकवला.

“कमलाजी, आपका जन्म नेपाल का है?”

“हौ मॅडम. पण मी तीन वर्षांची होती तवाच इकडं आली.”

“नागरिकता का कोई कागज़?”

असा काही कागद असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. मॅडमनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, “फिर योजना में आपका नाम नहीं रह सकता. बाकी दोनों का रहेगा.”

माझे बाबा नेपाळच्या डोंगरातून निघाले ते तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत, साहेबांच्या रेस्ट हाऊसवर स्वयंपाकी म्हणून लागले. मागून आमा, म्हणजे माझी आई, मला घेऊन आली. चार वर्षांनी माझा भाऊ तुमसरच्या दवाखान्यात जन्मला, म्हणून कायद्याने तो इथला. मी तिथली. एकाच ताटात जेवलो, एकाच शाळेत गेलो, पण मी पन्नाशीकडे झुकेपर्यंत हा फरक आम्हा दोघांनाही कळला नव्हता. बाबांना मात्र काहीतरी कळत असावं. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती, “मत मात्र टाकायचं नाही. ते आपलं नाही.” मी आजवर टाकलं नव्हतं.

घरी येऊन मी प्रज्ञाच्या बाबांना सांगितलं तर ते हसले. “म्हंजे मी परदेशी बाई केली? दोस्तायले सांगतो आता.”

आम्ही चहा घेतला आणि विषय संपवला.

ब्लाउज

सात-आठ महिने गेले असतील. मी स्वतःसाठी एक ब्लाउज शिवला. घालून पाहिला तर उजवीकडे नीट बसत होता, डावीकडे ताणत होता. कापताना चुकलं असेल म्हणून उसवला आणि पुन्हा शिवला. पुन्हा तेच. वीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय, माझा टेप चुकत नाही. तेव्हा मी काखेच्या बाजूने हात लावून पाहिलं. सुपारीएवढं काहीतरी होतं. दुखत नव्हतं.

दुखत नव्हतं म्हणूनच मी तीन आठवडे घालवले. हे वाचणाऱ्या बायांनो, ते तीन आठवडे तुम्ही घालवू नका. एवढ्यासाठी तरी मी हे लिहायला घेतलं.

जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली, सुई घालून तुकडा काढला, तो बाहेर तपासायला गेला. रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टर मॅडमसमोर बसलो होतो. पंखा फार आवाज करत होता, त्यामुळे त्यांना तो शब्द दोनदा म्हणावा लागला. पहिल्यांदा मला ऐकू आला नाही असं नाही. मी मुद्दाम ‘काय?’ म्हटलं, की दुसऱ्यांदा कदाचित दुसरं काहीतरी म्हणतील.

प्रज्ञाचे बाबा खुर्चीच्या टोकावर आले. “मॅडम, ठीक होते ना पण?”

“टाइम पर आई हैं. पहले ऑपरेशन होगा, नागपुर में करा लीजिए. फिर कीमो यहीं हमारे पास हो जाएगा.” त्या लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कार्ड तो है ना?”

मला कॅन्सर ऐकून रडू आलं नव्हतं. कार्ड ऐकून आलं.

त्या दिवशी घरी प्रज्ञा न्हाणीघरात नळ सोडून रडली, म्हणजे आम्हाला कळू नये. मी वांग्याची भाजी केली, कारण हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. भाजीत मीठ दुप्पट पडलं. तिघांनीही ती पूर्ण संपवली.

मुन्नाभैयाचा उपाय

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुन्नाभैयाचं ऑनलाइन सेंटर आहे. माणूस वाईट नाही. त्याच्या आईचे ब्लाउज मीच शिवते. त्याला बातमी कळली तसा तो घरी आला, सतरंजीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “भाभी, दो दिन का काम है. जन्म प्रमाणपत्र नया बनवा देते हैं. तारीख वही, जगह बालाघाट. फिर नाम भी चढ़ जाएगा, कार्ड भी बन जाएगा.”

तो गेल्यावर प्रज्ञाचे बाबा म्हणाले, “हौ म्हणून दे.”

“खोटा कागद?”

“कोणाचं काय जाते त्यात? तू चाळीस-पंचेचाळीस वर्षं इथंच राह्यली ना? खोटं काय हाय त्यात?”

“मी तिथं जनमली हे खरं हाय. माह्या मायनं पहाडात कळा सोसल्या. त्या मी बालाघाटात कशा आणू?”

ते एकदम उठले. चोवीस वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. “अन् तू मेली त मी काय करू? तो खरा दाखला फ्रेम करून लावू?”

प्रज्ञा दारात उभी होती. तिच्यासमोर असं बोलणं झालं याचं आम्हा दोघांनाही वाईट वाटलं, पण दोघांपैकी कोणी माघार घेतली नाही. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मात्र रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी भाजी चिरून ठेवत, कारण सुई टोचल्यापासून माझा डावा हात जड झाला होता.

हे वाचून कोणी मला फार तत्त्वाची बाई समजू नये, म्हणून पुढचंही सांगते. पाचव्या दिवशी मी मुन्नाभैयाच्या सेंटरवर गेले. दाखला पिशवीत होता. खरं सांगते, मी हो म्हणायलाच गेले होते. शटर बंद होतं, तो जेवायला गेला होता. समोरच्या पायरीवर मी बसून राहिले. उद्या हा खोटा कागद उघड झाला तर प्रज्ञाच्या नोकरीला, तिच्या लग्नाला, तिच्या नावाला काय होईल, हा विचार तिथे बसल्यावर आला. त्याआधी मी फक्त माझ्या छातीचाच विचार करत होते. तो परत येण्याआधी मी उठले आणि थेट प्रज्ञाच्या बाबांच्या दुकानात गेले.

ते तार गुंडाळत होते. मी म्हटलं, “माह्याकडून नाई होत. दुसरा रस्ता पाहा.”

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. वेढे मोजत होते, मध्ये थांबले की चुकतं. मोजून झाल्यावर म्हणाले, “मंगळवारी जनसुनवाई हाय. जाऊ.”

मंगळवार

जनसुनवाई म्हणजे कलेक्टर ऑफिसात मंगळवारी लोकांचे अर्ज ऐकतात ती. आमचा अर्ज फिरून पुन्हा बिसेन मॅडमकडेच आला. मला वाटलं, झालं. ज्यांनी नाव काढलं त्याच आता पुन्हा नाही म्हणणार.

मॅडमनी अर्ज वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “बीमारी का पहले क्यों नहीं बताया?”

“पहले बीमारी नहीं थी,” प्रज्ञाचे बाबा म्हणाले.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास आम्हाला समजावलं. भारतीय माणसाची बायको, इतकी वर्षं इथे राहणारी, नागरिकत्वासाठी रीतसर अर्ज करू शकते. पण त्याला लग्नाच्या नोंदणीचा कागद लागेल, नेपाळच्या जन्माचा पुरावा लागेल, पोलिसांची चौकशी होईल, कागद दिल्लीपर्यंत जाईल. वेळ लागेल. मग त्यांनी हाताची घडी घातली आणि एक वाक्य बोलल्या, ते मी जपून ठेवलंय.

“कागज़ का इंतज़ार कागज़ को करने दीजिए. इलाज मत रोकिए.”

खाली येताना प्रज्ञाचे बाबा पायरीवर थांबले. “त्या दिवशी मी जास्त बोललो.”

“हौ,” मी म्हटलं.

“भाजी मात्र मीच चिरन अजून काही दिवस.”

आमचं भांडण तिथे मिटलं.

नागपूर

वारासिवनी, कटंगी करत बस तुमसरला थांबली तेव्हा आमा स्टँडवर उभी होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. तिने खिडकीतून डबा आत दिला आणि माझा हात धरून ठेवला. तिची बोली आता निम्मी नेपाळी, निम्मी तुमसरची. म्हणाली, “डराउनु पर्दैन. भिऊ नको वो. तुह्या बापानं साहेबायले जेवू घातलं, तुले कोणी उपाशी ठेवणार नाई.” या दोन्ही गोष्टींचा काय संबंध, मला कळलं नाही. पण बस सुटली तसा मी डबा उघडून दोन घास खाल्ले.

मोठ्या सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “रेशन कार्ड कुठलं?”

“मध्य प्रदेशचं. पण त्यात माझं नाव नाही.”

“मग नाव कुठल्या कार्डात आहे?”

“कुठल्याच नाही.”

त्याने पेन खाली ठेवला. “बाई, तुम्ही आहात तरी कुठल्या?”

मागे रांग होती. मी दाखला पुढे सरकवला. प्रज्ञा पुढे झाली आणि हिंदीत सगळं सांगू लागली. तिची मराठी अशा वेळी अडखळते. त्या माणसाने ऐकून घेतलं आणि आम्हाला एका खोलीकडे पाठवलं. तिथे समाजसेवा अधीक्षक बसतात. ज्यांच्याकडे कुठलंच कार्ड नाही, त्यांनी या खोलीत जावं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती वाचली असती. म्हणून मी इथे सांगते.

त्या बाईंनी दाखला पाहिला, प्रज्ञाच्या बाबांचे हात पाहिले, रिपोर्ट पाहिला. मग फी माफीचा फॉर्म भरायला घेतला.

मी विचारलं, “मॅडम, मी नेपाळची हाय ते लिहावं लागन का?”

“या फॉर्मात तसा रकाना नाही,” त्या म्हणाल्या. “इथे फक्त पेशंट गरजू आहे का, एवढंच विचारलंय. ते मला दिसतंय.”

ऑपरेशन झालं. भुलीतून उठल्यावर मी पहिल्यांदा उजव्या हाताने डावीकडे चाचपलं. तिथे पट्टी होती आणि पट्टीखाली सपाट होतं. मला वाटलं होतं मी किंचाळेन. मला तहान लागली होती, एवढंच मला वाटलं.

वॉर्डातला दिवस ठरलेला. पहाटे फरशी पुसणारी बाई फिनाइलचा वास घेऊन यायची. मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग ड्रेसिंग, मग दुपारचं जेवण आणि नातेवाइकांची गर्दी. आम्हा सगळ्यांच्या काखेतून एक नळी निघायची आणि ती एका बाटलीत जायची. बाटली हातात धरून बायका मोरीत जायच्या, लाजायच्या, पदराआड लपवायच्या. तिसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला म्हटलं, जुनी सुती साडी आण, सुई-दोरा आण. उजव्या हाताने, हळूहळू, मी बाटलीपुरती एक पिशवी शिवली, गळ्यात अडकवता येईल अशी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने मागितली. सुट्टी होईपर्यंत मी नऊ शिवल्या. सिस्टर म्हणाल्या, “अहो, तुम्ही आराम करायला आलात.” मी म्हटलं, “हा आरामच आहे.” खरंच होता. नव्या बाईला पिशवी दिली की ती विचारायची, किती दिवस झाले तुम्हाला? मी सांगायचे, सहा, मग सात, मग आठ. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि तिला जरा धीर यायचा. मलाही यायचा.

परची

कीमो बालाघाटला सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी सकाळी जिल्हा रुग्णालयात जायचं, परची, म्हणजे केसपेपर, काढायची, लता सिस्टर रक्त तपासायच्या आणि मग सलाइन. औषध फुकट होतं आणि परचीवर फक्त नाव, वय आणि मोहल्ला. पहिल्या दिवशी मी खिडकीवर उभी राहून पुढचा प्रश्न येईल म्हणून वाट पाहत होते. तो माणूस म्हणाला, “हो गया, आगे बढ़ो.” इतकं सोपंही काही असतं, याची सवय व्हायला मला दोन खेपा लागल्या.

कीमोबद्दल खरं सांगायचं तर दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस वाईट. तोंडाला लोखंडाची चव येते. फोडणीचा वास सहन होत नाही, त्यामुळे घरात दोन महिने पेज आणि उकडलेला बटाटा चालला. केस तिसऱ्या आठवड्यात गेले. उशीवर पाहून मी रडले, मग प्रज्ञाच्या बाबांनी उरलेले केस कात्रीने कापून दिले. मोटारीची तार कापतात तसे, नीट, एका मापाने. मग ते थोडा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. पाचव्या दिवसापासून मात्र भूक लागायची आणि त्या दिवसाची मी अशी वाट पाहायचे की काय सांगू. साधा वरणभात पंगतीतल्या जेवणासारखा लागायचा.

शेजारच्या खाटेवर बैहरकडच्या जंगलातल्या फुलवंतीबाई असायच्या. त्यांचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला. माझी गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली आणि पिशवीतून आपलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. “ले. मेरा तो यहाँ लगता नहीं. तू चला ले.”

मी समजावलं, कार्ड दुसऱ्याला चालत नाही. त्यांना ते पटलं नाही. “बीमारी तो एक ही है,” म्हणाल्या.

माझं कार्ड नाही याचा राग मला त्या काळात कधी आलाच नाही, असं नाही. यायचा. आमच्याच ओळीतल्या बाया, माझ्याइतक्याच आजारी, कार्ड दाखवून मोठ्या दवाखान्यात सरळ आत जायच्या. मी बाकावर बसून फॉर्म भरायचे. देशाने आपली माणसं कोण हे ठरवू नये, असं मी म्हणत नाही. आपल्या घरात कोण राहतं हे घरालाही माहीत असावं लागतं. पण तीन वर्षांच्या पोरीने कागद कुठून आणायचा होता, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही. मी तो कोणाला विचारला नाही. इथे लिहून ठेवते.

दुसरं लग्न

मधल्या काळात कागदांचं काम चालूच होतं. आमचं लग्न विहारात झालं होतं, पांढऱ्या कपड्यांत, पण नोंदणी कधी केली नव्हती. चौथं कीमो झाल्यावर आम्ही नगरपालिकेत गेलो. प्रज्ञाच्या बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला. मी डोक्याला फडकं बांधलं होतं, भुवयाही उरल्या नव्हत्या. साक्षीदार म्हणून दोन शेजारी आणि प्रज्ञा.

बाबूने खिडकीतून पाहिलं. “दूल्हा-दुल्हन कौन हैं? बच्ची का बाप इधर आए.”

“दूल्हा मैं ही हूँ,” प्रज्ञाचे बाबा म्हणाले. “बच्ची गवाह है.”

मागच्या बाकावरची माणसं हसली, मग बाबू हसला, मग मीही. हसताना टाक्यांचा व्रण ओढला गेला तरी मी थांबू शकले नाही. प्रज्ञाने आपल्या आईबापाच्या लग्नावर सही केली. फोटोवाल्याने विचारलं, फडकं काढायचं की ठेवायचं. मी काढलं. तो फोटो आमच्या घरात लावलेला आहे. माझं डोकं त्यात बल्बसारखं चमकतंय आणि प्रज्ञाचे बाबा नवरदेवासारखेच घाबरलेले दिसतात.

नेपाळचा कागद सगळ्यात अवघड गेला. भारतीय व्हायचं तर आधी मी तिथली आहे हे दाखवायला हवं होतं आणि तिथे माझी आठवण फक्त एका काकाला होती. आमाने ट्रंकेतून बाबांचे जुने कागद काढले. काकाने त्यांच्या गावच्या कार्यालयात खेपा घालून माझ्या जन्माची शिक्का मारलेली नक्कल मिळवली आणि कोणाच्या तरी हाती पाठवली. पोलीस चौकशीला आले तेव्हा मी इथलीच आहे हे सांगायला गल्लीतल्या अकरा बाया जमल्या. हवालदाराने शेवटी हात जोडले, “बस, बस. लिख लिया.”

मुन्नाभैयाने सगळे फॉर्म भरून दिले. खोट्या कागदाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

शपथ

शेवटचं कीमो झालं, नागपूरला रेडिएशनचे शेक झाले, केस पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. मग बऱ्याच महिन्यांनी कलेक्टर ऑफिसातून फोन आला, नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झालाय, शपथ घ्यायला या.

आमाला भावाने तुमसरहून आणलं. एका साध्या खोलीत साहेबांसमोर उभं राहून मी हिंदीत लिहिलेली शपथ वाचली. बिसेन मॅडम दारापाशी उभ्या होत्या, त्यांचं तिथे काही काम नव्हतं. बाहेर आल्यावर आमाने विचारलं, “आता तू माह्या गावची नाई राह्यली?” मी म्हटलं, “आमा, तू तरी कुठं तिथं राहतेस?” तिने पदर सावरला. मग म्हणाली, “ते बी हाय. चाल, काही खाऊन घेऊ.”

कार्ड काढायला गेलो तर मशीनवर माझी बोटं उमटेनात. कीमोने कातडी सोलली होती, रेषा पुसट झाल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली. प्रज्ञाच्या बाबांचा चेहरा उतरला. मुन्नाभैया म्हणाला, “घबराओ मत भाभी, आँख से हो जाता है.” डोळे मोठे करून यंत्रात पाहिलं, हिरवा दिवा लागला. घरच्या यादीत पुन्हा तीन नावं झाली.

कार्ड हाती आलं तेव्हा इलाज होऊन गेला होता. लोक म्हणतात, आता काय उपयोग? मला तसं वाटत नाही. कपाटात ते असलं की मला झोप लागते. लता सिस्टर कधी कधी नव्या बाईशी बोलायला बोलावतात. मी जाते. कोणाचं नाव सासरच्या यादीत चढलेलं नसतं, कोणी दुसऱ्या राज्यातून मजुरीला आलेली असते, कोणाचा दाखलाच हरवलेला असतो. मी त्यांना सांगते, आधी परची काढ. कागद नंतर होतात. आणि कागद करायचे ते खरेच कर, वेळ लागला तरी. रात्री दाराची कडी वाजली तर घाबरावं लागत नाही.

मागच्या महिन्यात नागपूरला तपासणी होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, “छान आहे. सहा महिन्यांनी या.” परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. प्रज्ञाचे बाबा भंडाऱ्यालाच माझ्या खांद्यावर झोपले, डाव्या. एके काळी त्या बाजूला वाराही सहन व्हायचा नाही. मी त्यांना हलवलं नाही. वारासिवनी मागे पडल्यावर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि ते दचकून उठले.

“आलं का घर?”

“झोपा अजून थोडं,” मी म्हटलं. “येऊन राह्यलं.”